गोड ऐकणारे भाऊजी

आमच्या भाऊजींना गोड ऐकायचा नाद होता. खायची बंदी होती, म्हणून ऐकायचे. गावात कुणी लग्नाहून परतलं की भाऊजी त्याला पारावर गाठायचे, शेजारी बसवून घ्यायचे आणि म्हणायचे, "खाऊन आले ना? मंग आता सांगा." नवरी कशी होती, मानपान झाला का, रुसवेफुगवे किती, यातलं काही त्यांना नको असायचं. पंगतीत काय होतं तेवढं सांगा. नुक्ती, म्हणजे आपली बुंदी, होती का? दाणा मोकळा होता की गिचका झाला होता? पाक पत्रावळीवर वाहत होता का? सांगणारा घाईत असला तर त्याचा हात धरून ठेवायचे. "अशे नका जाऊ भाऊ. जिलबी आली म्हंता, मंग कुरकुरीत होती का नरम, थे तर राह्यलंच ना!"

त्यांना सगळ्यात जास्त आवडायचं ते माझं सांगणं. माझं माहेर मानोऱ्याचं. मी तिकडून आले, पिशवी खाली ठेवली, की भाऊजी हजर. "वयनी, काय काय केलं व्हतं?" मग मी पाट ओढून बसायची आणि जे केलं होतं ते सांगायची, जे नव्हतं केलं तेही सांगायची. आईनं साधा शिरा केलेला असायचा, मी त्यात तूप वाढवत न्यायची, बदाम घालायची, केशर घालायची. भाऊजी डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच एक डोळा उघडायचे. "वयनी, केशर? मानोऱ्यात? बदामापर्यंत ठीक हाय, त्याच्या पुढं जाऊ नका." आणि दोघंही हसत सुटायचो. चुलीपुढं बसलेल्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मान खाली घालून भाकरी थापत राहायच्या. त्यांना या खेळाचं कधी हसू आलं नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, दिनकर. घरात दिनू. मी लग्न होऊन आले ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा ते वाशीमला कॉलेजात जात होते. आसेगावपर्यंत पायी जायचं आणि तिथून एसटी धरायची. उंच, हाडापेरानं मजबूत पोरगा. माझ्या लग्नात त्यांनी पैज लावून जिलब्या खाल्ल्या होत्या आणि माझ्या मामाला हरवलं होतं. वर्ष उलटायच्या आत तोच मुलगा वाळत चालला. रांजणाशी उभा राहून तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा, तरी तहान भागायची नाही. भूक राक्षसासारखी, आणि अंगावर मात्र मांस धरेना. आत्याबाईंनी दृष्ट काढली, अंगारा आणला. शेवटी एक दिवस कॉलेजातच चक्कर येऊन पडले, तेव्हा वाशीमच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखरेचा आजार आहे, रोज सुई घ्यावी लागेल. आत्याबाईंनी विचारलं, "कवापर्यंत?" डॉक्टर भले माणूस होते, त्यांनी खाली बघितलं. जन्मभर, असं म्हणाले. आत्याबाईंना ते पटलंच नाही. त्या परतीच्या एसटीत सारखं म्हणत होत्या, "थे तं बुढ्या माणसायची बिमारी हाय. शेठ-सावकारायची हाय. माह्या पोराले काहून होईन?"

घरात शिकलेली सून मी एकटी, मॅट्रिकपर्यंत गेलेली. म्हणून सुई कशी द्यायची ते डॉक्टरांनी मला आणि भाऊजींना शिकवलं. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, निवू द्यायची, बाटलीतलं औषध ओढायचं, मांडीत टोचायचं. बाटली थंड राहिली पाहिजे. आमच्या गावात थंड म्हणजे रांजणाखालची ओली वाळू. त्या वाळूत बाटली खोचून ठेवायची आणि तिच्यावर ओलं फडकं. उन्हाळ्यात मी कामातून उठून उठून वाळूला हात लावून बघायची. रांजणातलं पाणी संपलं तर घरातली माणसं तहानेली राहतील याची मला काळजी नव्हती, वाळू सुकेल याची होती.

दुसरं काम नळीचं. लघवी काचेच्या नळीत घ्यायची, तिच्यात निळं औषध घालायचं आणि दिव्यावर उकळायची. निळी राहिली तर उत्तम, हिरवी झाली तर ठीक, पिवळी झाली तर साखर वाढली, आणि विटकरी झाली तर विचारूच नका. आत्याबाईंनी हा प्रकार स्वयंपाकघरात चालू दिला नाही, त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. म्हणून भाऊजी गोठ्यामागं दगडावर दिवा मांडून बसायचे. येणारे-जाणारे थांबायचे. "काय दिनूभाऊ, आज कोणता रंग?" भाऊजी नळी उन्हात धरून सांगायचे, "आज हिरवा. जमलं." आणि विटकरी निघाला की म्हणायचे, "आज पाहू नका बापा, नजर लागन." मात्र नळी धुवून आत आले की त्यांचा चेहरा बघून मला रंग कळायचा. काल जे खाल्लं तेच आज खाल्लं, तेवढंच चालणं झालं, तेवढीच सुई घेतली, तरी रंग वेगळा. का, ते आम्हाला कुणालाच सांगता यायचं नाही. "वयनी, मी नापास कोणत्या विषयात होऊन राह्यलो, थे तरी समजाले पायजे ना," असं ते एकदा म्हणाले होते.

आत्याबाईंना सुई देता येत नव्हती, नळीतलं काही कळत नव्हतं. मग त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी केलं. त्यांनी गोड सोडलं. देवापुढं दिवा लावून सांगितलं, "माह्या दिनूले जवापर्यंत गोड खाता येत नाही, तवापर्यंत या घरात गुळाचा खडा येणार नाही." सासरे नव्हते, कर्त्या बाईचा शब्द, तो सगळ्या घराला लागू झाला. डबे उलटे करून पुसले गेले. चहा बिनसाखरेचा. पोळ्याला पुरण नाही, संक्रांतीला तिळगूळ नाही, दिवाळीला नुसती शेव. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, तोंड वाकडं करून चहा प्यायचे पण आईपुढं ब्र काढायचे नाहीत. सगळ्यात जास्त चिडायचे ते भाऊजी. "माय, तू गोड सोडल्यानं माही नळी निळी होत नाही वं! तू खा. मी पाह्यतो तरी." आत्याबाई म्हणायच्या, "लेकराच्या घशाखाली उतरत नाही, थे माह्या कसं उतरन?" इतक्या मायेपुढं माणूस हातपाय बांधल्यासारखा होतो.

या नवसापायी एकदा फार वाईट झालं. भाऊजींना मुलगी सांगून आली होती. कारंज्याकडची माणसं. आजाराचं आधी बोलायचं नाही असं आत्याबाईंनी ठरवलं होतं. लग्न झाल्यावर सगळं सांभाळून घेता येतं, असं त्यांचं म्हणणं. पोहे झाले, बोलणी झाली, भाऊजी सगळ्यांना आवडले. मुलीचे आजोबा खुशीत म्हणाले, "पसंती झाली, आता कायची वाट पाह्यता? साखर आणा, तोंड गोड करू." बैठकीत सगळ्यांनी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. मी आत्याबाईंकडं पाहिलं. घरात साखरेचा दाणा नव्हता, आणि शेजारून आणली तर उंबऱ्याच्या आत आली असती. आत्याबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. तेवढ्यात बैठकीतून भाऊजींचा आवाज आला. "साखर नाही घरात आजोबा. मले मना हाय. मी रोज सुई घेतो, जन्मभर घ्या लागते." माणसं चांगली होती. मुलीच्या वडिलांनी जाताना भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला, "खरं सांगतलं, बरं केलं बापू," म्हणाले आणि गेले. आत्याबाई दिवसभर फणफणत होत्या, "मोठा आला हरिश्चंद्र!" भाऊजी हसून घेत होते. संध्याकाळी मी अंगणात दाणे पाखडत होते तेव्हा जवळ येऊन त्यांनी हळूच विचारलं, "वयनी, त्या पोरीचं नाव काय व्हतं वो?" त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. त्यानंतर तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

साखर वाढते तशी ती एकदम उतरतेही, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं. सुई घेतली आणि जेवायला उशीर झाला, किंवा अंगमेहनत जास्त झाली, तर घाम सुटेल, हात कापतील, माणूस असंबद्ध बोलायला लागेल. तेव्हा ताबडतोब साखर द्यायची, नाहीतर जीव जाईल. त्यासाठी भाऊजी खिशात खडीसाखरेची पुडी ठेवायचे, आणि आत्याबाई ती शोधून फेकून द्यायच्या. दुसऱ्या आया पोरांचे खिसे बिडीसाठी तपासतात, आमच्याकडं साखरेसाठी झडती व्हायची. मी त्यांना किती वेळा समजावलं असेल. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "साखरेनंच बिमारी झाली, अन् साखरच औषध? मले का येडी समजतं का वं?" मी सून. मी याहून जोरात बोलू शकत नव्हते.

कापूस वेचणीचे दिवस होते. आमचे हे वाशीमच्या बाजाराला गेले होते. दुपारी भाऊजी शेतातून आले ते अडखळतच. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर त्यांनी तो भिरकावून दिला आणि मला अशी शिवी हासडली, की मी गारच पडले. त्या माणसानं मला कधी अगं-तुगं केलं नव्हतं. आत्याबाईंनी धावत येऊन त्यांचं तोंड हुंगलं, दारू प्यायला की काय म्हणून. भाऊजी ओसरीवर बसले, बसले ते कलंडले. अंगातला सदरा घामानं भिजून चिंब. मी खिसा चाचपला. रिकामा. मी आत्याबाईंकडं बघितलं आणि मला कळलं. मी तशीच शेजारी पळाले, गुळाचा खडा मागून आणला. दारात आत्याबाई आडव्या उभ्या. "माह्या लेकराले जहर देऊन राह्यली का?" मी हात जोडले, पायावर डोकं ठेवलं. "आत्याबाई, थे चालले. सोडा मले." त्या हलेनात. सासूला ढकलून आत जावं असं माझ्या हातांना शिकवलेलंच नव्हतं. मी गूळ मुठीत घेऊन माझ्याच घराच्या दारात उभी होते आणि आत भाऊजींचे डोळे पांढरे होत होते.

त्यांच्या घशातून एक आवाज आला. तो आवाज ऐकला आणि आत्याबाईंनी माझ्या मुठीतला गूळ हिसकावून घेतला. पाण्यात कुस्करला आणि बोटानं त्यांच्या गालात, हिरड्यांवर चोळत राहिल्या, तोंडानं देवाची क्षमा मागत. किती वेळ गेला कुणास ठाऊक. भाऊजींच्या पापण्या हलल्या. त्यांनी जीभ टाळूला लावून पाहिली आणि ओळखीच्या आवाजात म्हणाले, "माय, गूळ औंदाचा नाही वं. मागच्या सालचा हाय." आत्याबाई त्यांना छातीशी धरून अशा रडल्या, की अख्खी गल्ली गोळा झाली.

त्या दिवसापासून घरात गूळ आला, साखर आली. पुढच्या संक्रांतीला आत्याबाईंनी स्वतः तिळाचे लाडू वळले. भाऊजी आमच्या समोर मांडी घालून बसले आणि प्रत्येकाला आग्रह करकरून खायला लावत होते. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. पण आत्याबाईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं, की गेलेला मुलगा गुळानं परत आला. डॉक्टर काय म्हणतात, सून काय म्हणते, यापेक्षा ते पाहणं मोठं होतं. त्यांच्या पदराच्या गाठीत आता साखर असायची. भाऊजींनी जांभई दिली की, "खा रे चिमूटभर." जरा आडवे झाले की, "साखर देऊ का?" मी समजवायची, घाम फुटला, हात कापले तरच द्यायची. तहान लागली असेल, तोंड वाळलं असेल तर मुळीच नाही, तेव्हा ती जहर आहे. त्या मान हलवायच्या. पण त्यांच्या लेखी पोरगं पडलं, एवढी एकच खूण होती. भाऊजी मला म्हणायचे, "राहू द्या वयनी. बिचारीले आता कुठं हातात काही सापडलं."

त्या वर्षी पंचमीला मी माहेरी गेले. मागं पावसानं झड लावली. भाऊजींना ताप चढला, उलट्या सुरू झाल्या, पोटात काही ठरेना. सुई घेतली की जेवायचं, हे घरातल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. म्हणून मग जेवण नाही तर सुई नाही, असं ठरलं. आमच्या ह्यांनाही ते बरोबर वाटलं, त्या स्थितीत भाऊजींनाही वाटलं असेल. आजारपणात सुई जास्तच लागते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर ते कानाआड झालं होतं. भाऊजी लोळागोळा होऊन पडले. नाल्याला पूर, गाडी निघेना. आणि आत्याबाई उशाशी बसून चमच्या-चमच्यानं साखरपाणी पाजत होत्या. भाऊजी नको म्हणाले असतील. आजारी लेकराचं नको कोणती आई ऐकते?

पूर ओसरल्यावर त्यांना बैलगाडीतून आसेगावला आणि तिथून वाशीमला नेलं. गावातला माणूस निरोप घेऊन मानोऱ्याला आला आणि मी मिळेल त्या एसटीनं परस्पर दवाखान्यात पोचले. भाऊजी खाटेवर होते. लांब लांब, जोराजोरात श्वास घेत होते. तोंडाला पिकल्या फळांसारखा वास येत होता, आणि हाक मारली तर ओ नव्हती. डॉक्टर आमच्या ह्यांना बाजूला घेऊन हलक्या आवाजात काही विचारत होते आणि हे जमिनीकडं बघत उभे होते. मला बघून आत्याबाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आली वं माय. पाह्य ना, म्या साखर देली. दिवसभर देली, रातभर देली. तरी उठून काहून नाही राह्यला?"

मी त्यांच्याजवळ खाली फरशीवर बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी गेले.

घरी आल्यावर आत्याबाई बोलायच्या बंद झाल्या. त्यांना कुणी काही सांगितलं होतं का, की दवाखान्यात डॉक्टरांचे शब्द कानावर गेले होते, मला माहीत नाही. आम्ही नवरा-बायकोनं त्यांच्यासमोर तो विषय कधी निघू दिला नाही. पोरगं जन्माचंच दुखणाईत होतं, आलेली माणसं म्हणत, आणि आम्ही होकार भरत होतो.

तेरवीला आमच्याकडं गोड करतात. गेलेल्याच्या नावाचं पान आधी वाढायचं, मग पंगत बसते. भावकीतल्या बायकांनी नुक्ती केली होती, दाणा चांगला मोकळा पडला होता. मी वरण वाढलं, भात वाढला, भाजी वाढली, आणि शेवटी ओंजळभर नुक्ती पानावर ठेवली. इतकी वर्षं त्यांनी नुसती ऐकली, आता तरी खावी, असं मनात आलं आणि मला हुंदका फुटला.

आत्याबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या, पानाजवळ आल्या आणि वाकून एकेक करत नुक्तीचे दाणे उचलायला लागल्या. भाताला चिकटलेले दाणेसुद्धा नखानं काढले. बायका म्हणाल्या, "अवो, राहू द्या, पानात गोड वाढा लागते." त्यांनी कुणाकडंच पाहिलं नाही. सगळी नुक्ती पदरात घेतली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून शब्द आले, ते माझ्यासाठी होते.

"त्याले गोड नको वाढू वं पोरी," त्या म्हणाल्या. "मले समजलं आता."